भाताच्या रोपांना थंडी आणि पाण्याचा ताण दिला, तरी ड्रेब जनुकं हलत का नाहीत?

अंकुर_भात
ड्रेब म्हणजे ताण आला की इतर संरक्षक जनुकं चालू करणारी जनुकं. माझी पोषकद्रावणातली १४ दिवसांची रोपं. एक गट ४ अंश सेल्सिअसला, दुसरा २० टक्के पीईजी ६००० (पाणी धरून ठेवून कृत्रिम अवर्षण देणारं पॉलिमर) मध्ये. २४ तासांनी पानं घेऊन क्यूपीसीआर (आरएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) केली, संदर्भ जनुक (तुलनेसाठीचं स्थिर जनुक) फक्त अ‍ॅक्टिन. थंडीत ड्रेब१बी जेमतेम दीडपट. ड्रेब२बी कंट्रोलमध्येही भरपूर, पीईजीतही तेवढंच. पानं मात्र चांगली गुंडाळलेली. जातच ताणाला दाद देत नाही, असं म्हणायचं का?

पर्णरंध्र
जातीवर खापर फोडण्याआधी घड्याळ बघा. ड्रेब१ म्हणजेच सीबीएफ ही पहिल्या फळीतली जनुकं. अरॅबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगशाळेतली नेहमीची नमुना-वनस्पती) त्यांचा आरएनए १५ मिनिटांत चढू लागतो, दोन-तीन तासांत शिखर गाठतो आणि २४ तासांपर्यंत बराच ओसरतो. भातातही ड्रेब१ए, १बी तासाभराच्या आत हलतात. तुम्ही पोचलात तेव्हा वरात निघून गेली होती. नमुने ०, ½, १, ३, ६, १२ आणि २४ तासांना घ्या. २४ तासांचाच नमुना हाताशी असेल तर त्यात ड्रेबच्या हाताखालची जनुकं मोजा, उदाहरणार्थ पेशींना कोरडेपणापासून वाचवणारं डीहायड्रिन. ती उशिरा चढतात आणि टिकतात.

प्रत्येक वेळेला त्याच वेळेचा वेगळा कंट्रोल हवा. सीबीएफवर दैनंदिन घड्याळाचा ताबा असतो: अरॅबिडॉप्सिसमध्ये उजाडल्यानंतर ४ तासांनी दिलेली थंडी १६ तासांनी दिलेल्या थंडीपेक्षा खूप मोठा प्रतिसाद देते. शून्य तासाचा एकच कंट्रोल सगळीकडे लावलात तर थंडी आणि घड्याळ यांची सरमिसळ होते. शिवाय नुसत्या हाताळणीनेही ही जनुकं उठतात, म्हणून कंट्रोलची रोपंही तशीच उचला आणि पानं कापताक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये टाका.

आणखी एक. ४ अंश हा भाताला झटका आहे. काही तासांसाठी चालेल; काही दिवसांचा प्रयोग १० अंशांच्या आसपास करा, नाहीतर शेवटी मरणाऱ्या पेशींचं मोजमाप हाती येईल.

दुहेरी_धागा
वेळेचं पटलं, पण ड्रेब२बीचा घोळ वेगळा आहे. त्याचे स्प्लायसिंगमुळे (आरएनएचे तुकडे कापून जोडण्यामुळे) दोन आरएनए बनतात. एकात वाचनचौकट बिघडते आणि कामाचं प्रथिन तयार होत नाही. ताणात वाढतो तो दुसरा. तुमचे प्रायमर (मोजायचा तुकडा ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) दोघांना सामाईक भागात बसले असतील, तर निकामी आरएनए कंट्रोलमध्ये भरपूर दिसणारच. एक प्रायमर कामाच्या रूपातल्या एक्झॉन-जोडावरच (आरएनएत उरलेले भाग जुळतात तिथेच) बसवा. मका आणि गव्हाच्या ड्रेब२ मध्येही हीच गंमत आहे.

ड्रेब१ मध्ये उलटी अडचण: त्यात सहसा इंट्रॉनच (आरएनएतून कापला जाणारा भाग) नसतो, त्यामुळे जीनोमिक डीएनए अगदी त्याच लांबीचा तुकडा देतो आणि मेल्ट कर्व्ह (तुकडा एकच आहे का ते दाखवणारा आलेख) निर्दोष दिसतो. डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) द्याच, आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर) न घातलेली एक नळीही चालवा. तिचा सीटी (कितव्या सायकलला संकेत दिसतो तो आकडा) खऱ्या नमुन्यापेक्षा ७ सायकलनी मागे असेल तर भेसळ एक टक्क्याच्या आत. ३ सायकलचाच फरक असेल तर आठवा हिस्सा डीएनएचा.

एकट्या अ‍ॅक्टिनवर विसंबू नका. तीन-चार संदर्भ जनुकं तुमच्याच नमुन्यांवर तपासून त्यातली स्थिर दोन घ्या. प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांबाहेर गेली तर दर सायकलला दुप्पट धरणारं साधं सूत्र लागू होत नाही.

मूळ_आणि_माती
पीईजीबद्दल. एक किलो पाण्यात २०० ग्रॅम घातलं की २५ अंशांना जलविभव (जितकं उणे तितकं पाणी ओढणं अवघड) सुमारे उणे ०.५ मेगापास्कल येतं. “२० टक्के” म्हणजे १०० मिलिलिटर द्रावणात २० ग्रॅम असेल तर आकडा बदलतो. द्रावण थंड झालं की तेवढ्याच पीईजीचा ताण आणखी वाढतो, म्हणून थंडी आणि पीईजी एकत्र देताना प्रमाण नव्याने काढा. दाट द्रावणात ऑक्सिजन कमी पोचतो; हवा सोडली नाही तर मुळं गुदमरतात आणि तुम्ही त्यालाच अवर्षण समजता.

पानं गुंडाळली हे मोजमाप नव्हे, सापेक्ष जलांश काढा: (ताजं वजन − कोरडं) ÷ (फुगलेलं − कोरडं) × १००. हा आकडा जुळल्याशिवाय दोन जातींची तुलना करू नका. एखादीचं ड्रेब शांत दिसतं, कारण तिच्या मुळांनी पाणी मिळवलेलं असतं आणि पानाला ताण लागलेलाच नसतो.

अंकुर_भात
खूप आभार. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजविना नळी चालवली नव्हती, आधी तीच लावतो. ड्रेब१ए सतत चालू ठेवलं तर रोप दोन्ही ताणांना तयार राहील ना?

पर्णरंध्र
राहतं, पण खुरटतं. सतत चालू राहणाऱ्या ३५एस प्रमोटरखाली (प्रमोटर म्हणजे जनुकाचा स्विच) अरॅबिडॉप्सिसची रोपं ठेंगणी झाली. ताणातच जागा होणारा आरडी२९ए प्रमोटर लावल्यावर खुरटणं बरंच कमी झालं आणि सहनशीलता टिकली. १९९९ पासून हे माहीत आहे, तरी ३५एस लावणारे कमी नाहीत.