सर्व्हिस सेंटरला गाडी दिली, पुढे काय झालं? (अनुभव धागा)

माझी पेट्रोल हॅचबॅक २०१७ ची, ६२ हजार किलोमीटर झालेली. गेल्या पावसाळ्यात पुढच्या डाव्या चाकापाशी आवाज यायला लागला. स्पीडब्रेकरवरून हळू उतरलं की ‘टक्’, खड्ड्यात गेलं की लागोपाठ दोनदा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी टाकताना अ‍ॅडव्हायझरला सगळं सांगितलं. कुठल्या वेगाला येतो, कुठल्या बाजूने येतो, तेही. संध्याकाळी जॉब कार्ड पाहिलं तर त्यावर एवढंच: ‘सस्पेन्शन नॉइज, चेक’. पुढचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदललेले, मजुरी धरून ११,२०० रुपये. घरी येताना सोसायटीच्या गेटसमोरच्या ब्रेकरला पुन्हा ‘टक्’.

दुसऱ्यांदा नेली तेव्हा ‘नवीन पार्ट आहेत सर, सेट व्हायला वेळ लागतो’. तिसऱ्यांदा ‘आमच्या टेस्ट ड्राइव्हला आवाज आला नाही’. मी म्हटलं, मेकॅनिकला माझ्या शेजारी बसवा, दोन मिनिटांत ऐकवतो. तर ‘कस्टमरला वर्कशॉपमध्ये अलाउड नाही’.

शेवटी धायरीतल्या एका गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. ते शेजारी बसले, एक चक्कर मारली, गाडी पिटावर घेतली आणि मला खाली बोलावलं. चाकाच्या मागे बोटाएवढी जाड एक दांडी असते. माझा हात धरून त्यांनी तिच्या टोकाच्या सांध्यावर ठेवला आणि वरून पोराला गाडी दाबायला सांगितली. बोटांना तो ‘टक्’ लागला. तीन महिने कानाने ऐकत होतो ते हाताला कळलं. स्टॅबिलायझर लिंकचा बॉल जॉइंट झिजला होता. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड बदलून १,६०० रुपये झाले.

अकरा हजार गेल्याचा राग आहेच. पण ज्या माणसाने गाडीला हात लावला त्याच्यापर्यंत माझं म्हणणं पोचलंच नाही, हे जास्त लागलं. मधल्या काउंटरवर ते तीन शब्दांचं झालं.

तुमचे अनुभव लिहा. काय झालं, तुम्ही काय केलंत, पैसे परत मिळाले का. डीलरचं किंवा कंपनीचं नाव नको, नाहीतर धागा ‘कुठली गाडी चांगली’ या वादात जाईल. गाव लिहिलंत तर बरं. (मी पुणे, सिंहगड रोड.)

ठाणे

गाडी माझ्या नावावर, चालवते मी, हप्ते माझ्या पगारातून जातात. तरी दर सर्व्हिसिंगला पहिला प्रश्न, ‘मॅडम, सरांचा नंबर देता का?’ मागच्या वर्षी ४० हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग होती. एस्टिमेट ६,८०० चं दिलं, त्यावर माझी सही घेतली. संध्याकाळी बिल हातात आलं १३,४६० चं. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग. यातलं एकही मी सांगितलेलं नाही. ‘सरांशी बोललो होतो,’ म्हणे. नवऱ्याला विचारलं, त्याला फोनच आला नव्हता.

बिल भरल्याशिवाय गेटपास मिळत नाही. साडेसात वाजले होते, मुलगा पाळणाघरात. मी पैसे भरले, पण बिलाच्या त्यांच्या प्रतीवर आणि माझ्या प्रतीवर पेनने लिहिलं, ‘वाढीव कामांना माझी संमती नव्हती, हरकत नोंदवून पैसे भरत आहे.’ खाली सही, तारीख, वेळ. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली, एस्टिमेट आणि बिल दोन्हींचे फोटो जोडले. तीन आठवड्यांनी कंपनीकडून फोन आला आणि ४,१०० रुपये परत आले. कोटिंगचे दिले नाहीत, ‘केलेलं काढता येत नाही’. मी पुन्हा लिहिलंय.

नाशिक

आमची डिझेल एसयूव्ही २०२१ ची, म्हणजे बीएस ६. घर ते ऑफिस चार किलोमीटर, त्यात सिग्नल पाच. आठव्या महिन्यात डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला. सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप लावून रीजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) करून दिलं, १,८०० रुपये घेतले. दीड महिन्याने पुन्हा दिवा, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी सांगितलं फिल्टरच बदलावा लागेल, खर्च लाखाच्या वर, आणि ‘वापरामुळे खराब झालाय’ म्हणून वॉरंटीत नाही.

मी सुन्न झालो. बाहेर चहाच्या टपरीवर त्याच वर्कशॉपचे एक वयस्कर टेक्निशियन भेटले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘रोज किती चालते?’ हा प्रश्न तीन फेऱ्यांत कुणीही विचारला नव्हता. म्हणाले, ‘साहेब, फिल्टरमधली काजळी जळायला एक्झॉस्ट गरम व्हावा लागतो. चार किलोमीटरमध्ये तो कोमटच राहतो. दिवा नुसता लागलेला असेल, लुकलुकत नसेल, तर हायवेला घ्या, गिअर एक खाली ठेवा आणि अर्धा तास सलग चालवा.’ रविवारी इगतपुरीपर्यंत गेलो. घोटीच्या अलीकडे दिवा गेला. त्यानंतर दर पंधरवड्याला एकदा हायवेवर नेतो, वर्ष झालं, दिवा नाही.

विकताना माझं रोजचं अंतर विचारून डिझेल घेऊ नका असं कुणी सांगितलं असतं तर? शोरूममधल्या माणसाने ते फॉर्मवर लिहूनही घेतलं होतं.

कोल्हापूर

नाशिककर, एक भर घालतो. रीजनरेशन सुरू होऊन अर्धवट राहिलं की जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक पुसून बघा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर ऑइल लगेच बदलून घ्या. माझ्या गाडीला ‘ऑइल भरपूर आहे, उत्तम’ असं सांगून परत पाठवलं होतं.

सोलापूर

डॅशकॅम काढायचा विसरलो होतो. घरी येऊन पाहिलं: ‘टेस्ट ड्राइव्ह’ १९ किलोमीटरची, गाडीत तिघं, हायवेवर वेग ११०, सीटबेल्ट न लावल्याची घंटी सतत वाजतेय. गाडी आणली होती फक्त मागचा वायपर बदलायला. व्हिडिओ मॅनेजरला दाखवला, त्यांनी पोरांना माझ्यासमोर बोलावून झापलं. मला ते बघवलं नाही, कारण पोरं विशीतली होती आणि चावी त्यांच्या हातात देणारा कुणीतरी मोठाच होता.

चिपळूण

२२ जुलै २०२१. आमच्या भागात पाणी पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर आलं. गाडी खाली पार्किंगमध्ये, टपापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर आतून काचेवर चिखलाची एक सरळ रेघ, पट्टीने आखल्यासारखी. डिक्कीत वडिलांची औषधं होती. इग्निशनला हात लावायचा नाही एवढं माहीत होतं, ते पाळलं.

टो करून डीलरच्या यार्डात पोचायला सहा दिवस गेले, त्याबद्दल तक्रार नाही. सगळं चिपळूण चिखलात होतं. तक्रार त्यानंतरची आहे. गाडी १९ दिवस यार्डात तशीच उभी. मी रोज फोन करायचो, ‘विम्याचा सर्व्हेयर आल्याशिवाय हात लावता येत नाही’. ठीक आहे, पण दारं उघडून हवा लागू द्यायला, बॅटरीची तार काढायला, ओले मॅट बाहेर टाकायला सर्व्हेयर कशाला लागतो? शेवटी स्वतः गेलो. दार उघडलं तर सीटवर हिरवी-पांढरी बुरशी, वास असा की मागे सरलो. बॅटरी जोडलेलीच, टर्मिनलवर हिरवट थर.

दुरुस्तीचं एस्टिमेट विमा उतरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेलं की टोटल लॉस धरतात. आमची गाडी त्यात गेली. मग डीलरने दोन बिलं पुढे केली. एस्टिमेट तयार करण्याची फी आणि यार्डातल्या पार्किंगचं दिवसाचं भाडं. ज्या दिवसांत त्यांनी गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही त्या दिवसांचं भाडं! घरात अजून गाळ होता, आई शेजारच्यांकडे राहत होती. वाद घालायची ताकद नव्हती. भरले.

आता कुणी विचारलं तर दोन गोष्टी सांगतो. गाडी यार्डात सोडतानाच पार्किंग आणि एस्टिमेट फीबद्दल लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. आणि पूर येणाऱ्या गावात राहत असाल तर पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर आहे का ते आजच बघा. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पाणी शिरून इंजिन गेल्याचा क्लेम बहुतेक वेळा नाकारतात.

छत्रपती संभाजीनगर

मी सहा वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो, नंतर सोडलं. धागाकर्त्यांनी मधल्या काउंटरबद्दल लिहिलंय, त्या काउंटरवर मीच उभा असायचो. म्हणून आतलं लिहितो.

सकाळी नऊ ते अकरा या दोन तासांत माझ्याकडे २० ते २५ गाड्या. एका गाडीला पाच मिनिटं. त्यात चक्कर मारून ओरखडे टिपायचे, किलोमीटर आणि पेट्रोल लिहायचं, तक्रार ऐकायची आणि ‘व्हीएएस’ विकायचं. व्हीएएस म्हणजे ही सगळी कोटिंगं, पॉलिशं, क्लीनिंगं. दर गाडीमागे किती व्हीएएस गेलं याचा तक्ता रोज संध्याकाळी भिंतीवर लागायचा. तुमच्या ‘टक्’ आवाजाचा तक्ता कुठेच नव्हता. संगणकात तक्रार लिहायची तर तयार यादीतून निवडायची, त्यात ‘सस्पेन्शन नॉइज’ असायचं. ‘ब्रेकरवरून हळू उतरताना, डावीकडून’ असं हाताने टाइप करायला जागा होती, वेळ नव्हता. बेवर, म्हणजे गाडी दुरुस्त होते त्या जागेवर, काम करणाऱ्या पोराला तेवढे तीनच शब्द दिसायचे. त्याला गाडीमागे ठरलेली मिनिटं. तो काय करणार, जे सहज बदलता येतं ते बदलणार.

नंतर कंपनीकडून तुम्हाला फोन येतो, ‘किती गुण द्याल?’ आम्ही गयावया करून दहापैकी दहा मागायचो, कारण आठ मिळाले तरी पगारातला इन्सेन्टिव्ह जायचा. तुम्ही दयेपोटी दहा देता, आणि कंपनीला वाटतं सगळं छान चाललंय. मला विचाराल तर तिथेच खरं सांगा.

माझ्या हातून लोकांचे पैसे विनाकारण गेले आहेत, याची मला लाज वाटते. आता जे सांगू शकतो ते असं. गाडी देताना तक्रार तुमच्या शब्दांत एका कागदावर लिहा आणि तो जॉब कार्डाला स्टेपल करून घ्या, टेक्निशियन तो वाचतो. आवाजाची तक्रार असेल तर काम सुरू व्हायच्या आधी फ्लोअर सुपरवायझरला मागा आणि त्याच्याबरोबर चक्कर मारा. दहात सात वेळा नेतात. बदललेले जुने पार्ट परत हवेत हे सकाळीच लिहून द्या, संध्याकाळी मागितलेत तर ‘भंगारात गेले’. वॉरंटीत बदललेला पार्ट मात्र कंपनीकडे जातो, तो मिळणार नाही.

न्यू जर्सी

इकडेही काउंटर तोच आहे. ऑइल बदलायला गेलं की काळा पडलेला केबिन फिल्टर ट्रेमध्ये घेऊन येतात, ८० डॉलर. तोच फिल्टर मी घरी १५ डॉलरला बदलते, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. एकदा मला सांगितलं, ‘बाहेर ऑइल बदललंत तर वॉरंटी जाईल.’ इथे १९७५ पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे, त्यानुसार फक्त बाहेर सर्व्हिसिंग केलं म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असं त्यांनी दाखवावं लागतं. मी कायद्याचं नाव घेतलं आणि विषय तिथेच संपला. पावत्या मात्र जपून ठेवा. भारतात याबाबत काय आहे?

पुणे (धागाकर्ता)

ताई, इतका थेट कायदा आपल्याकडे नाही. पण ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कारण हेच, की मूळ स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती त्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलात गेलं. मला ते वाचून धायरीचे काका आठवले. त्यांच्याकडे स्कॅनर जुना आहे, कंपनीचं मॅन्युअल नाही. सगळं हातावर.

सांगली

इलेक्ट्रिक गाडी. साधी १२ व्होल्टची बॅटरी बसली, गाडी उघडेना, सुरू होईना. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली. इथल्या सेंटरला ‘ईव्हीचा ट्रेन्ड माणूस नाही’ म्हणून ट्रकवर चढवून दुसऱ्या गावी पाठवली. २३ दिवस. विकायला माणूस ट्रेन्ड होता.

सातारा

मला हे लिहायला बरेच दिवस लागले.

सर्व्हिसिंग, टायर रोटेशन, अलाइनमेंट करून पुण्याहून निघालो. बायको शेजारी, मुलगी मागे झोपलेली. शिरवळ सोडल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं. वाटलं बॅलन्सिंग नीट नसेल. खंबाटकी घाटाच्या आधी आवाज बदलला, म्हणून बाजूला घेतली. मोबाइलच्या उजेडात पुढचं उजवं चाक पाहिलं. चारपैकी एक नट नव्हताच, दोन बोटांनी फिरत होते. चौथा तेवढा धरून होता.

पाना काढून आवळले, मागच्या दोन्ही चाकांचा एकेक नट काढून पुढे लावावा का, याचा विचार करत रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. ट्रक जवळून जायचे तेव्हा गाडी हलायची. शेवटी एक नट मागच्या चाकाचा घेतला आणि चाळीसच्या वेगाने घरी पोचलो. मुलगी झोपेतच होती, तिला काहीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जॉब कार्डाची प्रत काढली. त्यात तपासणीची यादी असते. ‘व्हील नट टॉर्क’ (नट ठरलेल्या जोराने आवळले का) या ओळीपुढे बरोबरची खूण, खाली टेक्निशियनची सही, त्याखाली फायनल इन्स्पेक्शनची सही. दोन माणसांनी सही केली होती. मॅनेजरने फोनवर माफी मागितली आणि पुढची सर्व्हिसिंग मोफत देऊ केली. मी नाही म्हटलं. त्यांच्याकडे पुन्हा गाडी देऊन मी काय करू?

पुणे (धागाकर्ता)

दादा, वाचून हात थंड पडले. जॉब कार्डाची मूळ प्रत आणि नटांचे फोटो आहेत ना? तक्रार केलीत का?

सातारा

आहेत. तिथेच रस्त्यावर फोटो काढले होते, वेळेसकट. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि सेवेसाठी आपण मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, हे एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. ई-जागृती पोर्टलवरून स्वतःच दाखल केली, वकील दिलेला नाही. नुकसानभरपाईचा आकडा काय लिहायचा हे कळेना, दोन रात्री अडकलो त्यावर. आधी मागणी लिहिली ती ही: नट कोणत्या पान्याने आवळले, टॉर्क रेंच त्या दिवशी बेवर होता का, आणि दुसऱ्या सहीच्या माणसाने गाडी प्रत्यक्ष पाहिली का, याचं लेखी उत्तर द्यावं.

पहिल्या तारखेला समोरच्या पार्टीने मुदत मागितली. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. गेलो की इथे लिहीन.