लहानपणी कावासाकी (हृदयाच्या धमन्यांना सूज आणणारा आजार) झालेला, आता फुटबॉल खेळायचाय. कोल्हापुरात कुणाला दाखवू?

पेठेतली_आई:
मुलगा ९ वर्षांचा. तिसऱ्या वर्षी सहा दिवस ताप उतरेना, डोळे लाल, ओठ फुटलेले. एकांनी गोवर म्हणून घरी पाठवलं. सातव्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी बाही वर केली, तर दंडावरचा बीसीजीचा व्रण लालभडक! त्यांनीच कावासाकी ओळखला. आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून अँटीबॉडीजचं औषध, दिलं. इकोत हृदयाच्या डाव्या धमनीला छोटा फुगवटा, झेड स्कोअर (मुलाच्या अंगापिंडाच्या मानाने धमनी किती जास्त रुंद, तो आकडा) ३.२. वर्षभरात तो गेला, अ‍ॅस्पिरिन थांबली आणि खरं सांगायचं तर आम्हीही जायचं थांबलो. आता साहेबांना तालमीच्या पोरांत फुटबॉल खेळायचाय. फुटबॉलवेड्या शिवाजी पेठेत राहून नाही कसं म्हणायचं? सासूबाई म्हणतात, हार्टचं पोर आहे, पळवू नका.

रंकाळाकाठ:
ताई, मोठ्यांच्या हार्टवाल्याकडे नको, बाल हृदयरोगतज्ज्ञच गाठा. बाहेरून ठरावीक वारी कुणी येतं का, ते तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारा. छोटे फुगवटे बरेचदा एक-दोन वर्षांत जातात, तुमचाही गेला. पण इकोत माप बरोबर आलं म्हणून धमनीची भिंत पहिल्यासारखी झाली असं नसतं. आतून थर जाड होऊनही माप जुळतं. म्हणून तपासणी सोडायची नाही. खेळायला बहुतेक मोकळीक मिळेल, पण ती त्यांच्या तोंडून घ्या, आमच्या नको.

तांबडा_पांढरा:
आमच्या पुतणीचं उशिरा कळलं. बोटांच्या टोकांची कातडी नखाजवळून कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघायला लागली, तेव्हा. आयव्हीआयजी दहा दिवसांच्या आत मिळालं तर धमन्या बऱ्याच वाचतात. उपचारच नसतील तर चारातल्या एकाला फुगवटा येतो. तिचा झेड स्कोअर दहाच्या वर. अ‍ॅस्पिरिन, रक्त गोठू न देणारं वॉरफरिन, सारखं आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी). मार लागेल असा खेळ बंद. तुमचं पोर सुटलंय हो! जाताना सुरुवातीच्या सगळ्या इकोंचे रिपोर्ट न्या, सगळ्यात मोठा आकडा कळायला हवा.

पेठेतली_आई:
फाईल माळ्यावर सापडली. इकोचे फोटो पार पुसट झालेत, काही दिसत नाही.

रंकाळाकाठ:
त्या चकचकीत कागदावरची छपाई उडतेच. टाईप केलेला रिपोर्ट आहे का?

पेठेतली_आई:
आहे. ३.२ वाचता येतंय. उद्या झेरॉक्स काढते.