हीलिंगचं काम करणाऱ्यांना सरसकट भोंदू म्हणू नका

शांभवी_नाशिक

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक संदेश फिरतो आहे. इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत रेकी किंवा प्राणिक हीलिंग (हाताने ऊर्जा देऊन बरं करणं), रिग्रेशन (डोळे मिटवून जुन्या, अगदी मागच्या जन्मीच्या आठवणी जागवणं) करणारे सगळे भोंदू आहेत, त्यांच्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे दाखल करा, असा. मीही 'थेरपिस्ट' अशी पाटी लावून ऊर्जेचं हीलिंग करते. माझं पोट या कामावर आहे आणि माझी या कामावर श्रद्धाही आहे, म्हणून उत्तर देते.

आधी कायद्याचं बघू. २०१३च्या त्या कायद्यात भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, करणी-भानामतीच्या संशयावरून छळ, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र आणि गंडेदोरे, असले प्रकार लिहिलेले आहेत. एखाद्याला शांत खोलीत बसवून, श्वासाकडे लक्ष द्यायला सांगून, तासभर त्याचं ऐकून घेणं त्यात कुठे बसतं?

माझ्याकडे येतात ती साधी माणसं. सातपूर-अंबडला रात्रपाळी करून झोप उडालेला कामगार. निफाडकडची बाई, जिच्या घरात गारपिटीने बाग झोपल्यापासून कर्जाबद्दल कुणी बोलत नाही, पण ताटावर बसलं की रोज भांडण होतं. तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे जा म्हटलं तर ती "मी काय वेडी आहे का?" म्हणून उठून जाते. माझ्याकडे मात्र येते, कारण इथे यायची लाज वाटत नाही.

आणि दुःखाला विधी लागतो हे नाशिककरांना मी काय सांगायचं? रामकुंडावर दहाव्याला कावळा शिवेपर्यंत घरचे श्वास रोखून उभे असतात, शिवला की मोकळे होतात. तिथे कुणी पुरावा मागत नाही.

मी औषध देत नाही, बंद करायला सांगत नाही, रोगाचं नाव घेत नाही. फी पहिल्या फोनवरच सांगते. मग मी भोंदू कशी?

केसपेपर

मी मानसोपचार विभागात काम केलेला डॉक्टर आहे. शांभवीताई, तुम्ही कुणाला मारझोड करत नाही, मान्य. पण एक कायदा मोडला नाही म्हणजे काम निर्धोक ठरलं, असं होत नाही.

रोगाचं नाव घेत नाही म्हणता. समोरच्या बाईला "तुमचं हृदयचक्र बंद आहे, वडिलांवरचा राग तिथे साठलाय" असं सांगितलं की निदान झालंच. आता तिला कारण मिळालं, ती दुसरं शोधणार नाही. सतत थकवा, वजन वाढणं, कशात मन न लागणं, उगाच रडू येणं हे सगळं थायरॉइड मंदावल्यानेही होतं. बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी माणूस असाच उदास दिसतो. साध्या रक्तचाचणीत कळणारी गोष्ट, पण चक्रं मोकळी करण्यात महिने निघून जातात. आम्ही ती माणसं नंतर पाहतो.

दुसरं, ऊर्जेचं. हात न लावता ऊर्जा जाणवते असा जो दावा असतो, त्याची परीक्षा अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने घेतली. अशी थेरपी करणारे २१ जण पडद्यामागे हात ठेवून बसले. मुलीने आपला हात त्यांच्या कोणत्या हातावर धरलाय एवढंच ओळखायचं होतं. २८० वेळांपैकी बरोबर आले १२३, म्हणजे ४४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मे आले असते. १९९८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आणि रेकी प्राचीन विद्या म्हणून विकली जाते, ती मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास जपानमध्ये सुरू केलेली आहे.

कावळा शिवण्याबद्दल एवढंच म्हणेन, की दहाव्याचे गुरुजी स्वतःला थेरपिस्ट म्हणवत नाहीत.

सिडकोकर

केसपेपर यांना अनुमोदन. फीबद्दलही कुणीतरी बोला. सात सेशनचं पॅकेज, मग पुढची लेव्हल, मग क्रिस्टल. बरं नाही वाटलं तर "तुमचा विश्वास कमी पडला". दोष पुन्हा गिऱ्हाइकाचाच.

द्राक्षबाग_दिंडोरी

डॉक्टरसाहेब, मी शांभवीताईंच्या बाजूचा. वडील गेल्यावर माझी आई वर्षभर बोलत नव्हती. आम्ही आधी दवाखान्यातच नेलं. तासन्‌तास बाकावर बसून नंबर लागला. झोप येते का, भूक लागते का एवढं विचारलं आणि गोळ्या लिहिल्या. डॉक्टर वाईट नव्हते, बाहेर रांग उभी होती. त्या गोळ्यांनी आईला झोप लागायची, पण ती गप्पच होती. नंतर मामीने तिला एका हीलिंग करणाऱ्या बाईंकडे नेलं. त्यांनी आईला वडिलांबद्दल बोलतं केलं, आणि आई ओक्साबोक्शी रडली. आम्हा भावांपुढे ती कधीच रडली नव्हती. चक्र उघडलं की नाही ते मला ठाऊक नाही. आई दुसऱ्या दिवशी पाणी द्यायला मळ्यात आली, ते मी पाहिलं.

निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोचत नाहीत असं आलं होतं. तालुक्याला तज्ज्ञ नाही आणि जे आहेत त्यांना वेळ नाही. या लोकांनी जायचं कुठे, ते आधी सांगा.

मखमलाबादची_मुलगी

दादा, तुमच्या आईला बरं वाटलं याचा आनंद आहे. माझ्या भावाचं सांगते.

त्याला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार. त्यावरचं लिथियम हे औषध चालू होतं, दर काही महिन्यांनी रक्तातलं प्रमाण तपासायचो, नोकरी नीट चालू होती. ओळखीतून एका हीलरकडे जायला लागला. त्या माणसानेही "गोळ्या बंद करा" असं कधी म्हटलं नाही. म्हणायचा, "औषधांनी तुमची ऊर्जा दबलेली दिसते, बघा तुम्हाला काय वाटतं ते." भावाने गोळ्या टाकून दिल्या. लिथियम असं एकदम सोडलं की आजार जोराने उलटू शकतो, हे डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. त्या हीलरला हे माहीतच नव्हतं. भाऊ रात्र रात्र जागायला लागला, कर्ज काढून गाडी घेतली, आईवर हात उगारला. त्याही वेळी हीलर सांगत होता की जुनी घाण बाहेर पडते आहे, घाबरू नका. शेवटी भरती करावं लागलं. त्या दिवसापासून त्या माणसाने फोन उचलला नाही.

शांभवीताई, तुम्ही चांगल्या असाल. पण तुमच्या क्षेत्रात वाईट माणसाला अडवणारं कोण आहे? डॉक्टर चुकला तर मेडिकल कौन्सिल आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. समुपदेशकांनाही २०२१च्या कायद्याने आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत घेतलं आहे. आम्ही त्या हीलरची तक्रार कुणाकडे करायची होती?

शांभवी_नाशिक

ताई, तुमच्या भावाच्या बाबतीत जे झालं ते हीलिंग नव्हेच. लिथियम घेणाऱ्या माणसाला मी सेशन देत नाही.

पण नोंदणीची मागणी मला पटते, आणि हे मी मनापासून म्हणते. सरकारने आमच्यासाठी नियम केले तर पहिला अर्ज माझा असेल.

केसपेपर

सरकार नोंदणी कशाची करणार? ४४ टक्क्यांची? नोंदणी केली तर सरकारी शिक्का मिळेल आणि लोक जास्त फसतील. माझं म्हणणं उलट आहे. ऐकून घेण्याचं काम मौल्यवान आहे, तर समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घ्या आणि तेवढंच करा, ऊर्जा वगळून. आणि रिग्रेशन तर थांबवाच. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की सुचवत गेलं तर न घडलेली आठवणही माणसाच्या मनात तयार होते, आणि तो ती खरी मानून बसतो. अशा आठवणीवरून कुणी जन्मभर बापाशी बोलणं टाकलं, तर ते कोण निस्तरणार?

साधक_इगतपुरी

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना ध्यानकेंद्रात १९७६ पासून शिबिरं चालू आहेत. दहा दिवस राहणं-जेवण धरून फी नाही, नंतर वाटलं तर दान. पण मला महत्त्वाचा वाटतो तो प्रवेशाचा फॉर्म. मानसिक आजार आहे का, कोणती औषधं चालू आहेत, हे आधीच विचारतात, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिरात न बसण्याचा सल्ला देतात. ध्यानाने सगळं बरं होतं असं तिथल्या विपश्यनेचे गुरू गोएंका गुरुजींनी म्हटलेलं नाही. शांभवीताई, लिथियमवाल्यांना सेशन देत नाही म्हणता. ते तुम्हाला कळतं कसं? लेखी विचारता का?

शांभवी_नाशिक

तोंडी विचारते. लेखी फॉर्म सोमवारपासून सुरू करते. चालू औषधं, जुने आजार, डॉक्टरांचा नंबर, आत्महत्येचे विचार येतात का, हे सगळं त्यात घालते. तसे विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिथेच लावून देईन. मोफत आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास चालू असतो.

रिग्रेशन मी करतच नाही. पण डॉक्टर, ऊर्जा वगळून फक्त समुपदेशन करा, हे मला मान्य नाही. माझ्यापुढे डोळे मिटून बसलेली बाई ज्या श्रद्धेने बसते, ती श्रद्धा काढून टाकली तर ती बोलणारच नाही. तुम्हाला तो भ्रम वाटतो, मला तो तिचा दरवाजा वाटतो.

मखमलाबादची_मुलगी

माझा भाऊही त्याच श्रद्धेने बसला होता. फॉर्म करताय ते चांगलं आहे, खरंच करा. त्यात एक ओळ माझ्याकडून घाला: "येथे औषधांविषयी कोणताही सल्ला, सूचना किंवा मत दिले जाणार नाही." आणि त्याखाली घरच्या एका माणसाची सही घ्या. पाटीवरच्या 'थेरपिस्ट'चं काय करणार?

शांभवी_नाशिक

ओळ घालते, सहीही घेते. पाटी राहील.

मखमलाबादची_मुलगी

मग त्या पाटीपुरतं माझं तुमच्याशी भांडण चालू राहील, ताई.