सदाफुली, सूक्ष्मनलिका आणि मुंग्या
चर्चेत कुणी विचारलंय की कर्करोगावरची केमो (केमोथेरपी) विभाजन होणाऱ्या पेशींवर घाव घालते, मग हातापायांना मुंग्या का येतात? चेतापेशी तर विभागत नाहीत. रास्त शंका आहे.

पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला सूक्ष्मनलिकांचे (पेशीतल्या अतिसूक्ष्म नळ्यांचे) दोर लागतात. आपल्या दारातल्या सदाफुलीपासून मिळणारं विनक्रिस्टीन हे केमोचं औषध असे दोर बनूच देत नाही. पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं औषध (मूळचं अमेरिकेतल्या यू झाडाच्या सालीतलं) नेमकं उलटं करतं: दोर इतके पक्के करतं की ते सुटतच नाहीत. हे अमेरिकी शास्त्रज्ञ सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं. दोन्हीकडे विभाजन अडकतं. पण चेतातंतूंत याच नलिका मालवाहतुकीचे रूळ असतात! रूळ बिघडले की सर्वांत लांबची स्टेशनं आधी बंद पडतात, म्हणजे हातापायांची बोटं.

पॅल्बोसायक्लिबसारख्या कर्करोगावरच्या नव्या गोळ्या विभाजनाच्या बऱ्याच आधी, पेशीला विभाजनाकडे नेणाऱ्या सीडीके ४ आणि ६ या विकरांपाशी (एन्झाइमांपाशी) पेशीला थांबवतात. तिथे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटण्याची काळजी जास्त.

आणि हो, चर्चेत कुणी सदाफुलीची पानं चावून खायचा सल्ला दिलाय, तो कृपया नको. विनक्रिस्टीन शिरेतूनच देतात आणि मोठ्यांनाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. पानातलं कोण मोजणार?