मदत हवी आहे: कॉर्गीच्या बाँड गाडीचं छत उडत नाही

गाडी म्हणजे कॉर्गी या ब्रिटिश खेळणी कंपनीची, जेम्स बाँडची सोनेरी अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५, १९६५ साली आलेलं मॉडेल २६१. (सिनेमातली चंदेरी होती, सोनेरी फक्त खेळण्यात!) सायलेन्सर दाबला की मागची ढाल खटकन वर येते, पुढच्या बंदुकाही निघतात. बटण दाबलं की छत उघडून सीटवरचा माणूस बाहेर उडायला हवा, पण छत तांदळाच्या दाण्याएवढं उचलतं आणि अडकतं. सीटवरचा माणूस शाबूत आहे. ब्रशने धूळ काढली, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सुईने सोडला, फरक शून्य. रंग जाईल म्हणून स्प्रे मारलेला नाही. तळाची प्लेट रिव्हेटने (ठोकून पक्क्या केलेल्या धातूच्या खिळ्यांनी) बसवलेली आहे आणि रिव्हेट ड्रिल करायचे नाहीत, नाहीतर ओरिजिनल काय राहिलं? तर रिव्हेटला हात न लावता छताच्या स्प्रिंगपर्यंत पोचता येतं का, आणि कुठल्या बाजूने?