ब्रायटनला आई-बाबांना जेवायला न्यायचंय: हॉटेल ठरलंय, मागवायचं काय?

कैरीपन्हं (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. आई-बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत आणि ऑगस्टमध्ये एक दिवस त्यांना ब्रायटनचा समुद्र दाखवायचाय. ऑफिसमधल्या तिघांनी तिथल्या एकाच भारतीय हॉटेलचं नाव सांगितलं. समुद्रापासून पाच मिनिटांवर आहे, आणि शनिवारी आयत्या वेळी टेबल मिळत नाही म्हणतात. जाहिरात वाटू नये म्हणून नाव लिहीत नाही.

आईचा चातुर्मास आहे, कांदा-लसूण पूर्ण बंद. बाबांना मासे आणि झणझणीत हवं, पण त्यांना मधुमेह आहे. लेक सहा वर्षांचा, त्याला तिखट अजिबात चालत नाही.

मागच्या वर्षी सासू-सासऱ्यांना दुसऱ्या एका गावात असंच नावाजलेल्या ठिकाणी नेलं होतं. सासूबाईंनी भाजीचा कोर्मा मागवला, तो खिरीसारखा गोड निघाला. त्या भात आणि पापड खाऊन उठल्या, वर मलाच म्हणाल्या, "छान होतं हो." ते अजून मनाला लागून आहे. यंदा तसं व्हायला नको. काय मागवू, काय विचारू, नीट सांगा.

खलबत्ता

ताई, शिकत असताना मी दोन वर्षं दर शुक्रवार-शनिवारी अशा एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथली जुन्या धाटणीची बरीच 'इंडियन' हॉटेलं सिल्हेटकडच्या बांगलादेशी मंडळींची आहेत. त्यांचा सगळा डोलारा एका पातेल्यावर उभा असतो. सकाळी पोतंभर कांदा, आलं-लसूण, थोडा टोमॅटो, गाजर वगैरे शिजवून वाटायचं की झाली बेस ग्रेव्ही. संध्याकाळी ऑर्डर आली की पळीभर ग्रेव्ही तव्यात, त्यावर मसाला, आणि पाच मिनिटांत मद्रास, भुना नाहीतर डोपियाझा तयार. म्हणजे आईंसाठी "कांदा घालू नका" असं टेबलावर बसून सांगण्यात अर्थ नाही, कारण तो सकाळीच घातलेला असतो. वाढपी भला माणूस असेल तर मान डोलावेल, आणि वरून कोथिंबिरीच्या जागी कांदा भुरभुरायचा तेवढा टाळेल.

उपाय एकच. दोन दिवस आधी फोन करा, तोही दुपारी तीन-चारच्या सुमारास, गर्दी नसताना. "बेस ग्रेव्ही न वापरता साधी मुगाची किंवा मसूर डाळ, जिरं-हिंगाची फोडणी, आणि भेंडी किंवा बटाटा कोरडा परतून द्याल का?" असं थेट विचारा. मालक गुजराती किंवा उत्तर भारतीय असेल तर नुसतं 'जैन' म्हटलं तरी कळतं, फक्त मग बटाटाही जातो. मेनूवरच्या 'तडका दाल'च्या नावावर जाऊ नका, इथे तडका म्हणजे लसूणच. पनीर टिक्क्याच्या मुरवणातही आलं-लसूण असतं. आणि नान मागवण्याआधी अंड्याचं विचारा, काही जण पिठात घालतात. तंदुरी रोटी बरी.

नावांवर तर मुळीच विसंबू नका. कोर्मा म्हणजे नारळ, क्रीम, बदाम आणि साखर. तुमच्या लेकाला आवडेल, बाबांना नको. धनसाक पारशी घरातला राहिलेला नाही, आंबटगोड असतो, कुठे कुठे तर अननसाचे तुकडे. विंदालू हा मूळचा गोव्याचा, पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणाच्या मांसावरून आलेला पदार्थ. इथे त्याचा अर्थ 'मद्रासपेक्षा तिखट' एवढाच उरलाय, व्हिनेगरचा पत्ता असेलच असं नाही.

बाबांसाठी मनापासूनचा सल्ला. रात्री अकराला गिऱ्हाईक गेलं की आमचे स्वयंपाकी स्वतःसाठी वेगळं कालवण करायचे. हाडासकट मटण, नाहीतर मासा, मोहरीचं तेल, हिरव्या मिरच्या, रस्सा पातळ. त्याला 'स्टाफ करी' म्हणतात. मी आयुष्यात खाल्लेल्या उत्तम जेवणांत ती धरतो. ती मेनूवर नसते, पण फोनवर प्रेमाने विचारलंत तर बरेच जण करून देतात. तिखट हवं असेल तर 'नागा' मिरचीचं काही आहे का विचारा. फक्त बाबांना आधी कल्पना द्या, आपल्या लवंगीपेक्षा फार पुढची आहे ती.

बंदरावरची मनी

जेवणाबद्दल खलबत्ता यांनी सगळं सांगितलंच आहे. मी जाण्यायेण्याचं सांगते. गाडी नेऊ नका, पार्किंग महाग आणि मिळत नाही. लंडन व्हिक्टोरियाहून रेल्वेने साधारण तास लागतो. स्टेशनवरून सरळ खाली चालत गेलं की समुद्र, पण परतताना तोच रस्ता चढ आहे, तेव्हा बस घ्या. किनाऱ्यावर वाळू नाही, सगळे गोटे. आईंचे गुडघे दुखत असतील तर खाली उतरवू नका, वरच्या फरसबंदीवर बाकं आहेत. सीगल हातातलं खाणं उचलून नेतात, लेकाला सांगून ठेवा. ऑगस्टचा पहिला शनिवार-रविवार टाळा, सहसा तेव्हा प्राइड (समलिंगी मंडळींचा मोठा उत्सव) असतं आणि गाड्यांत उभं राहायला जागा नसते.

उंबरठा

वेगळं मत मांडतो. समुद्रावर जाऊन भारतीय कशाला? फिश अँड चिप्स खा की.

खलबत्ता

@उंबरठा, बाबांना जरूर द्या. पण मासा आणि बटाटा बहुतेक ठिकाणी एकाच तेलात तळतात, काही दुकानांत तर गाईच्या चरबीत. आईंना चिप्ससुद्धा विचारल्याशिवाय देऊ नका.

जुनीवही

उंबरठा यांच्या 'भारतीय कशाला' या प्रश्नावरून राहवत नाही. भारतीय जेवणासाठी इंग्लंडमध्ये ब्रायटनइतकं योग्य गाव मला तरी दुसरं वाटत नाही.

1810 साली लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' निघालं. भारतीय माणसाने चालवलेलं ते इथलं पहिलं भारतीय हॉटेल मानतात. काढणारा पाटण्यात जन्मलेला शेख दीन महंमद. दोन वर्षांत त्याचं दिवाळं निघालं. मग तो ब्रायटनला आला, समुद्रकाठी वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केलं, आणि चौथ्या जॉर्ज राजाचा 'शॅम्पूइंग सर्जन' झाला. शॅम्पू हा शब्द आपल्या चंपीच्याच घरातला. त्या स्नानगृहाच्या जागी आज क्वीन्स हॉटेल आहे आणि महंमदची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात.

जेवणाआधी रॉयल पॅव्हिलियन, म्हणजे त्याच जॉर्ज राजाचा जुना राजवाडा, बघा. पहिल्या महायुद्धात, 1914 च्या डिसेंबरपासून तिथे जखमी भारतीय शिपायांचं इस्पितळ होतं. हिंदू, मुसलमान, शीख अशा सगळ्यांचा आचार सांभाळायला आवारात नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं मांडली होती. पाण्याचे नळसुद्धा वेगळे. शंभर वर्षांपूर्वी त्याच गावात परक्या माणसांनी आपल्या शिपायांचं सोवळं जपलं असेल, तर कैरीपन्हं ताई, आईंच्या चातुर्मासासाठी फोन करायला जराही संकोचू नका.

कैरीपन्हं

जुनीवही, हे वाचून बाबांना दाखवलं. ते सैन्यात होते. आता त्यांना जेवणापेक्षा पॅव्हिलियनच बघायचंय!

एक विचारायचं राहिलं. बिलात सर्व्हिस चार्ज लावतात, तो द्यावाच लागतो का?

बंदरावरची मनी

बहुतेक ठिकाणी तो ऐच्छिक असतो, बिलावर तसं छापलेलं असतं. नको असेल तर काढून मागता येतो. पण ऑक्टोबर 2024 पासून टिप आणि सर्व्हिस चार्ज पूर्णपणे कामगारांना देणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून सेवा चांगली असेल तर मी ठेवते. पाण्याची बाटली घेऊ नका, 'टॅप वॉटर' मागा. दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी ते फुकट द्यावंच लागतं. आणि टेबलावर आपणहून आलेल्या पापडांचे बहुधा पैसे लागतात.

कैरीपन्हं

जाऊन आलो. मंगळवारी, दुपारी बाराचं टेबल.

फोनवर मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोडणी तुपाची चालेल ना?" तिथेच माझा जीव भांड्यात पडला. आईला मूगडाळ, जिरा बटाटा, कोरडी भेंडी आणि गरम रोट्या. स्वयंपाकी स्वतः बाहेर येऊन सांगून गेले की तिच्यासाठी कढई वेगळी घेतली. आईने डाळ दोनदा मागून घेतली. लेकाने कोर्मा भाताशी कालवून संपवला.

बाबांना स्टाफ करी मिळाली नाही, दुपारी ती करत नाहीत. पण तंदूरमधला अख्खा सी बास मासा आला, वर लिंबू आणि हिरवी मिरची. नागा चटणी वाटीत वेगळी मागवली. त्यांनी बोटावर घेतली, पाणी प्यायले, आणि पुन्हा घेतली.

पॅव्हिलियनच्या दक्षिणेच्या फाटकापाशी बराच वेळ उभे होते. ते फाटक भारताकडून भेट आलेलं आहे, 1921 मध्ये पतियाळाच्या महाराजांनी त्याचं अनावरण केलं. गावाबाहेरच्या टेकडीवरची छत्री, म्हणजे स्मारक, जिथे 53 हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिला, ती राहिली. तिथवर गाडी जात नाही, चालतच जावं लागतं आणि आईला ते जमलं नसतं. सप्टेंबरात मी आणि बाबा दोघेच जाणार आहोत. टेबल संध्याकाळचं घेणार, स्टाफ करीचं आधीच विचारून ठेवलंय.