आईचं ऑपरेशन मुंबईत झालं, लाईट (रेडिएशन) पण तिथंच घ्यायची का?

वेदगंगाकाठ:
आम्ही निपाणीजवळचे. आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या, दातांना मिश्री त्याच्याही आधीपासून. डाव्या गालात कॅन्सरची गाठ निघाली. इथल्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं, ऑपरेशन तिथंच झालं. मांडीचं मांस काढून गालाला लावलंय. नाकात नळी आहे. नाचणीची आंबील दोनदा गाळून सिरिंजनं सोडतो. एक कण राहिला की नळी तुंबते आणि सगळ्यांचा जीव टांगणीला. ऑपरेशनबद्दल माझं काही म्हणणं नाही. असलं काम रोज करणाऱ्याच्या हातात आई गेली, बरंच झालं.

आता तीस लाईट सांगितल्यात. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. लाईट दहा-पंधरा मिनिटांची, त्यासाठी मुंबईत खोली करून दोघांनी राहायचं आणि माझा टेंपो दारात उभा. नंबर कधी लागणार तेही नक्की नाही. शेजारचे म्हणतात, रेशन कार्ड कर्नाटकचं, तर बेंगळुरूला किदवई कॅन्सर हॉस्पिटलात जा. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेंगळुरू पाचशेच्या वर! आईचं एकच, "म्हशीला कोण बघणार?"

ऑपरेशन एकीकडं, लाईट दुसरीकडं चालतं का? डॉक्टर रागावतील म्हणून विचारलं नाही. ऑपरेशनला आज बावीस दिवस झाले.

खानापूरचा:
विचारा की! आम्ही पण असंच घाबरून गप्प बसलो, बाबांच्या जिभेच्या वेळी. लांबच्या एका हॉस्पिटलात नंबरची वाट बघत राहिलो. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत लाईट सुरू व्हायला पाहिजे, हे आम्हाला दहाव्या आठवड्यात कळलं. तुमच्याकडं अजून तीन आठवडे हाताशी आहेत.

बेळगावात केएलईचं कॅन्सर हॉस्पिटल जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झालं. मिरजेत सिद्धिविनायक कॅन्सर हॉस्पिटल आहे. दोन्हीकडं आधी फोन करून तारीख विचारा, मग गाडी काढा. पैशाचं म्हणाल तर बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. ती कन्नडमध्ये येते. नाव नि आधार नंबर तिथंच टेबलावर कुणाकडून तरी वाचून घ्या, एका अक्षरापायी माझे दोन हेलपाटे झाले. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली, त्यात तुमचं गाव बघा. दोन सरकारं आपल्यावरून भांडतात, निदान कागद तरी दोघांचे घेऊया.

मशीनवरचा:
मी रेडिएशनच्या मशीनवर काम करतो. ऑपरेशन एका ठिकाणी आणि लाईट दुसऱ्या, हे नेहमीचं आहे. पण एकदा सुरू केल्यावर मध्येच जागा बदलू नका. चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवतो, गरम पाण्यात मऊ करून त्यांच्याच तोंडावर घट्ट होऊ देतो. तो मास्क आणि प्लॅन त्या मशीनपुरताच. दुसरीकडं गेलात की स्कॅनपासून सगळं नव्यानं.

मुंबईहून डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट आणि जमल्यास ब्लॉक-स्लाइड (तपासलेल्या गाठीचे नमुने) आणा. रिपोर्टात कडा मोकळ्या आहेत का (म्हणजे कापलेल्या भागाच्या कडेला रोग उरला नाही ना), गळ्यातल्या किती गाठींत रोग होता, हे असतं. त्यावर डोस ठरतो, लाईटबरोबर केमो द्यायची का तेही. आणि लाईटच्या आधी दातांच्या डॉक्टरला दाखवा. हलणारा दात आधीच काढावा लागतो, लाईटनंतर काढला तर जबड्याचं हाड लवकर भरत नाही.

वेदगंगाकाठ:
मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "जवळ घ्या की, आम्ही पत्र देतो." एवढंच होतं! पत्र आणि स्लाइडसाठी परवा एकटाच रात्रीच्या गाडीनं जातो. आईला दोन दात हलतायत.

खानापूरचा:
पत्रावर ऑपरेशनची तारीख घालून घ्या. आणि आल्यावर इथं कळवा.